विक्री होते, मग पैसे जातात कुठे? नव्या दुकानाची रोकड आणि ना-नफा-ना-तोट्याचं गणित

दुकान टाकायचा विचार घेऊन जे माझ्याकडे हिशेबाला बसतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जागा मोक्याची आहे, समोर शाळा आहे, एसटी स्टँड पाच मिनिटांवर आहे, तर दुकान चालेल का? याचं उत्तर मला देता येत नाही. पण या प्रश्नाचे दोन तुकडे केले तर दोन्हींची उत्तरं कागदावर काढता येतात. एक, महिन्याला किती विक्री झाली म्हणजे पदरचे पैसे घालावे लागणार नाहीत? दोन, तेवढी विक्री होईपर्यंत रोजचे पैसे कुठून येणार?

पहिल्याला वाणिज्य शाखेच्या पुस्तकात समविच्छेद बिंदू म्हणतात, पेठेत ब्रेकइव्हन म्हणतात. दुसऱ्याचं नाव कॅश फ्लो, म्हणजे रोकड कोणत्या तारखेला येते आणि कोणत्या तारखेला जाते याचं वेळापत्रक. माझ्या पाहण्यात जी नवी दुकानं लवकर बंद पडली, त्यातल्या अनेकांना गिऱ्हाईक होतं. शटर खाली ओढलं तेव्हा रॅक मालाने भरलेले होते. संपली होती ती रोकड. म्हणून हे दोन्ही हिशेब वेगवेगळे मांडावेत आणि दोन्ही उद्घाटनाच्या आधी मांडावेत, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, कराडमध्ये तुम्ही लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकताय. तीनशे चौरस फुटांचा गाळा, भाड्याचा. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेत. गाव बदललं, पेठ बदलली की ते बदलतील. मांडायची रीत मात्र कपड्यांना, चपलांना, स्टेशनरीला एकच आहे.

उद्घाटनाच्या आधीच गेलेले पैसे

गाळ्याचं डिपॉझिट २ लाख. फर्निचर, रॅक, दिवे, ट्रायल रूम, बाहेरची पाटी मिळून साडेतीन लाख. कॉम्प्युटर, बिलाचं मशीन, सीसीटीव्ही ८० हजार. परवाने, पत्रिका, उद्घाटन, सुरुवातीची जाहिरात ४० हजार. पहिला माल ८ लाखांचा: सोलापूरहून गणवेश, तिरुपूरहून होजिअरी, मुंबईहून फ्रॉक आणि पार्टीवेअर. बेरीज १४ लाख ७० हजार.

तुमच्याकडे स्वतःचे ८ लाख आहेत. बँकेने ७ लाखांचं कर्ज दिलं. मुद्रा योजनेत ५ ते १० लाखांचं कर्ज ‘तरुण’ गटात येतं. म्हणजे एकूण १५ लाख. पाडव्याला नारळ फुटला, पेढे वाटून झाले, तेव्हा हातात उरले ३० हजार. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

दर महिन्याचा न चुकणारा खर्च

एक गिऱ्हाईक आलं काय, शंभर आले काय, काही खर्च ठरलेलेच असतात. भाडं २२ हजार. दोन कामगार, प्रत्येकी १४ हजार, म्हणजे २८ हजार. वीज ६ हजार. इंटरनेट, फोन, सॉफ्टवेअर आणि हिशेबनिसाची फी ४ हजार. चहापाणी, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती ३ हजार. माल आणायला जाण्यायेण्याचे २ हजार. हे झाले ६५ हजार. याला स्थिर खर्च म्हणतात.

याशिवाय बँकेचा हप्ता आहे. ७ लाख, ११ टक्के व्याज आणि पाच वर्षं मुदत धरली तर तो महिन्याला सुमारे १५,२०० रुपये येतो. आणि तुमचं घर आहे. आधी नोकरीचा पगार येत होता, आता येणार नाही. किराणा, शाळेची फी, आईवडिलांची औषधं यासाठी निदान २५ हजार धरा. हे २५ हजार न धरता केलेले हिशेब मी इतके पाहिलेत की आता वही उघडली की आधी तीच ओळ शोधतो. ‘सुरुवातीला मी काही घेणार नाही’ असं म्हणणं मनाने चांगलं आहे, पण पैसे गल्ल्यातूनच काढले जातात, फक्त लिहिले जात नाहीत.

शंभरावर पन्नास मिळतात, तर नफा पन्नास टक्के कसा नाही?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

४०० रुपयांना आणलेला फ्रॉक तुम्ही ६०० ला लावता. खरेदीवर २०० रुपये, म्हणजे ५० टक्के चढवलेत. पण खर्च भागतात ते विक्रीतून. ६०० च्या विक्रीत २०० म्हणजे ३३ टक्के. खरेदीवरचे ५० आणि विक्रीवरचे ३३ ही एकाच दोनशे रुपयांची दोन नावं आहेत. ब्रेकइव्हनच्या गणितात नेहमी विक्रीवरची टक्केवारी घ्यायची असते.

आता ते ३३ टक्के तरी हातात येतात का, बघा. घासाघीस होऊन सरासरी ३० रुपये सुटतात, फ्रॉक ५७० ला जातो. पिशवी आणि लहानसहान अल्टरेशनचे ८ रुपये. शिवाय शंभर नगांतले चार-पाच पडून राहतात: साईज संपत नाही, रंग मागे पडतो, एखादा खराब होतो, एखादा चोरीला जातो. ज्यांनी कधी डेड स्टॉक मोजला नाही त्यांना हा आकडा मोठा वाटतो, पण कपड्यात मला तो जपूनच धरलेला वाटतो. त्याचा भार विकल्या गेलेल्या प्रत्येक नगावर सुमारे २० रुपये पडतो.

५७० मधून ४०० गेले, ८ गेले, २० गेले. उरले १४२. विक्रीच्या २५ टक्के. स्थिर खर्च भागवायला प्रत्येक शंभर रुपयांच्या विक्रीतून खरोखर एवढेच हाती येतात. क्रेडिट कार्डावरची विक्री जास्त असेल तर त्याचं कमिशनही यातूनच वजा करा. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला ते द्यावं लागत नाही, हा छोट्या दुकानाला मोठाच दिलासा आहे.

एक नाही, तीन ब्रेकइव्हन

सूत्र सोपं आहे: महिन्याचा स्थिर खर्च भागिले शंभरात उरणारा वाटा. आपला वाटा २५ टक्के, म्हणजे पाव. म्हणून खर्चाची चौपट करायची.

नुसत्या दुकानाचा खर्च ६५ हजार. चौपट २ लाख ६० हजार. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला १० हजारांची विक्री. एका बिलाची सरासरी ८०० रुपये असेल तर रोज १३ बिलं.

हप्ता धरला की खर्च ८०,२०० होतो आणि विक्री लागते ३ लाख २१ हजार. रोज साधारण १६ बिलं.

घर धरलं की १ लाख ५ हजार २०० होतात. विक्री ४ लाख २१ हजार. दिवसाला १६ हजारांच्या वर, रोज २० ते २१ बिलं.

पहिली पायरी ओलांडली म्हणजे दुकान स्वतःचं पोट भरतं. दुसरी ओलांडली म्हणजे बँकेचं देणं सुटतं. तिसरी ओलांडली म्हणजे तुमच्या घरात चूल पेटते. कोणी तुम्हाला ‘माझं दुकान सहा महिन्यांत ब्रेकइव्हनला आलं’ असं सांगितलं, तर यातली कोणती पायरी ते विचारून घ्या.

मघाच्या ५० टक्क्यांच्या चुकीची किंमतही आता कळेल. ज्याने ५० टक्के आणि फक्त दुकानखर्च धरला, तो १ लाख ३० हजारांच्या विक्रीवर निश्चिंत होतो. खरी गरज त्याच्या तिपटीहून जास्त आहे.

बिलांचा आकडा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तो डोळ्यांनी तपासता येतो. गाळा घेण्याआधी त्याच रस्त्यावरच्या तशाच दुकानासमोर दोन-तीन दिवस उभं राहा. एक मंगळवार, एक रविवार, एक बाजारचा दिवस. किती जण आत जातात, किती जण पिशवी घेऊन बाहेर येतात, ते मोजा. जुन्या, नाव असलेल्या दुकानातून दिवसाला पंचवीस पिशव्या निघत असतील, तर नव्या दुकानाच्या वीस पिशव्या कुठून येणार, याचा विचार त्याच फुटपाथवर होऊन जातो.

चौपटीचा हा हिशेब पाठ झाला की रोजचे निर्णयही सोपे होतात. पुढच्या वर्षी भाडं १० टक्क्यांनी, म्हणजे २,२०० रुपयांनी वाढणार? महिन्याला ८,८०० ची विक्री वाढवावी लागेल. तिसरा कामगार ठेवायचाय? ५६ हजारांची जादा विक्री तो आणू शकतो का, बघा.

आणि सूट. समोरच्या दुकानात ‘१० टक्के सूट’ची पाटी लागली की हात शिवशिवतात. आपला ५७० चा फ्रॉक १० टक्के सुटीने ५१३ ला जाईल, आणि १४२ च्या जागी ८५ रुपये उरतील. आधी तिसरी पायरी गाठायला महिन्याला ७४१ नग लागत होते, आता १,२३८ लागतील. दहा टक्के सोडले म्हणून सदुसष्ट टक्के जास्त नग विकायचे. पडून राहिलेल्या मालावर सूट जरूर द्या, तो पैसा मोकळा करतो. चालत्या मालावर सरसकट सूट देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

आता रोकड: महिन्यामागून महिना

इथवर आपण प्रत्येक महिना सारखा धरला. कपड्यांच्या धंद्यात एकही महिना दुसऱ्यासारखा नसतो. लगीनसराई, जूनमध्ये शाळा उघडणं (विदर्भात महिनाअखेरीस), गणपती, दसरा-दिवाळी यांत विक्री येते. आषाढ-श्रावणात आणि पितृपक्षात ती आटते. माल मात्र आधी आणावा लागतो. दिवाळीचा माल दिवाळीत आणून चालत नाही.

नव्या दुकानाला ठोक व्यापारी सहसा उधारीवर माल देत नाही, चार-सहा महिने रोखीने व्यवहार बघतो. म्हणून खाली खरेदी रोखीची धरली आहे. २०२६ च्या पाडव्याला, म्हणजे १९ मार्चला, दुकान उघडलं असं समजून एप्रिलपासूनचा तक्ता मांडला आहे. आकडे लाखांत आहेत. चौथ्या रकान्यात दुकानखर्च, हप्ता आणि घरखर्च मिळून १.०५ आहेत.

| महिना | विक्री | मालाचे पैसे | ठरलेले खर्च | महिन्याचा फरक | आजवरचा फरक |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | १.८० | १.३५ | १.०५ | −०.६० | −०.६० |
| मे | २.२० | २.७० | १.०५ | −१.५५ | −२.१५ |
| जून | ३.६० | १.७० | १.०५ | +०.८५ | −१.३० |
| जुलै | १.६० | १.०० | १.०५ | −०.४५ | −१.७५ |
| ऑगस्ट | १.७० | १.४० | १.०५ | −०.७५ | −२.५० |
| सप्टेंबर | २.६० | ३.३० | १.०५ | −१.७५ | −४.२५ |
| ऑक्टोबर | ४.०० | ३.६० | १.०५ | −०.६५ | −४.९० |
| नोव्हेंबर | ७.०० | २.६० | १.०५ | +३.३५ | −१.५५ |

शेवटचा रकाना वरून खाली वाचत या. ऑक्टोबरच्या शेवटी तो उणे ४ लाख ९० हजारांवर जातो. हा या दुकानाचा खड्डा. उद्घाटनाच्या दिवशी हातात होते ३० हजार. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा विक्री चढतीला लागलेली असते, तेव्हा तुम्हाला ४ लाख ६० हजार कमी पडतात. मुळात इथवर पोचणंच अवघड आहे, कारण ३० हजार तर पहिल्याच महिन्यात संपतात.

आणि वही काय सांगते? आठ महिन्यांची विक्री साडेचोवीस लाख. त्यातला पाव वाटा ६ लाख १२ हजार. दुकानखर्च ५ लाख २० हजार, व्याज सुमारे ४९ हजार, फर्निचर-कॉम्प्युटरचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, सात वर्षं आयुष्य धरून ४१ हजार. हे वजा केलं की नोव्हेंबरअखेर नफाही नाही, तोटाही नाही. वही म्हणते दुकान ब्रेकइव्हनला आहे. त्याच दुकानाच्या बँक खात्यात महिनाभर आधी ४ लाख ६० हजार कमी पडत होते.

मग पैसे गेले कुठे? ऑक्टोबरअखेरचाच हिशेब लावू. वहीतला तोटा तोवर १ लाखाच्या आत आहे, सुमारे ९६ हजार. बाकीचे ४ लाख असे: १ लाख ९२ हजार दिवाळीच्या मालाच्या रूपाने रॅकवर आहेत. १ लाख ७५ हजार सात महिन्यांच्या घरखर्चात गेले. एकट्या मालकाच्या दुकानात तो खर्च म्हणून धरला जात नाही, भांडवलातून उचल म्हणून लिहितात. सुमारे ६३ हजार कर्जाच्या मुद्दलात गेले, कारण वहीत फक्त व्याज हा खर्च असतो, मुद्दल नसते. उलट घसाऱ्याचे ३६ हजार वहीत खर्च आहेत, पण खिशातून कोणाला दिलेले नाहीत. यातला एकही रुपया बुडालेला नाही, चोरीला गेलेला नाही. फक्त भाडं द्यायच्या तारखेला तो फ्रॉकच्या रूपात हँगरला लटकलेला आहे.

हे फक्त तीनशे फुटांच्या गाळ्याचं दुखणं नाही. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेली सुभिक्षा ही किराणा-औषधांची साखळी देशभरात सुमारे १,६०० दुकानांपर्यंत वाढली आणि २००९ च्या सुरुवातीला रोकड आटल्यामुळे तिचं काम ठप्प झालं. डीमार्टची रीत याच्या उलटी. २००२ साली पवईत पहिलं दुकान, पुढची वाढ सावकाश, शक्य तिथे जागा स्वतःच्या मालकीची, आणि पुरवठादारांचे पैसे लवकर देऊन त्या बदल्यात भाव कमी करून घेणं. छोट्या दुकानदाराला जागा विकत घेणं जमणार नाही, पण शेवटचा धडा त्यालाही लागू पडतो. तो पुढे येतोच.

तिथी आणि तारीख

तक्त्यात दिवाळी नोव्हेंबरमध्ये का, असं काहींना वाटेल. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. कारण २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, आणि त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. भाडं, पगार आणि हप्ता इंग्रजी तारखेने जातात, विक्री मात्र तिथीने येते. अठरा दिवसांचा हा फरक म्हणजे एक जादा भाडं, एक जादा पगार, एक जादा हप्ता दिवाळीआधी द्यावा लागणं.

त्यात अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे मे महिन्याच्या लगीनसराईचा मोठा तुकडा गेला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला कपडे घेतले जातात, पण त्याचा लाभ पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाला, मुलांच्या नाही. म्हणून तक्ता मांडताना शेजारी पंचांग किंवा दिनदर्शिका उघडी ठेवा. आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करू नका, दिवाळीच्या आधीच्या चाळीस दिवसांची तुलना तशाच चाळीस दिवसांशी करा.

खड्डा कमी कसा करायचा

पहिला उपाय आवडत नाही, पण सगळ्यात परिणामकारक आहे. सुरुवातीचा माल ८ लाखांऐवजी ६ लाखांचा घ्या आणि २ लाख बँकेत ठेवा. रॅक थोडे मोकळे दिसतील. आपलं दुकान पहिल्याच दिवशी गच्च भरलेलं दिसावं ही इच्छा मी समजू शकतो. पण कोणता साईज, कोणता भाव तुमच्या रस्त्यावर चालतो हे पहिल्या दोन महिन्यांत कळतं, आणि ते कळल्यावर खर्च करायला पैसे उरलेले असावेत.

दुसरा, बँकेशी बोलणी करतानाच पहिले सहा महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागा. मुद्दलाचे महिन्याला ८,८०० वाचतात, सहा महिन्यांत ५३ हजार. मुदत तेवढी पुढे जाते, व्याज थोडं वाढतं, पण अडचणीचा काळ निघून जातो.

तिसरा, सगळं कर्ज एकरकमी न घेता फर्निचरसाठी मुदतकर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, अशी विभागणी मागा. सीसीमध्ये जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढ्यावरच व्याज लागतं. खड्डा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोल आणि नोव्हेंबरात भरत आलेला, अशा धंद्यासाठी ती सोय आहे. मात्र ती खड्डा पडण्याआधी मंजूर करून घ्यायची. ऑक्टोबरमध्ये रिकाम्या खात्याचं स्टेटमेंट घेऊन गेलात तर साहेबांनाही हो म्हणणं अवघड जातं.

चौथा, व्यापाऱ्याची उधारी. सप्टेंबरपासूनच्या खरेदीला एक महिन्याची मुदत मिळाली, तर आपल्या तक्त्यातला सगळ्यात खोल आकडा ४ लाख ९० हजारांवरून ऑगस्टच्या २ लाख ५० हजारांवर येतो. निम्म्यावर! म्हणून पहिले चार-सहा महिने व्यापाऱ्याचे पैसे सांगितलेल्या दिवशी पोचवा. पेठेत शब्दाची पत अशीच बनते.

पण उधारी फुकट नसते. रोखीने घेतलं तर २ टक्के वटाव, म्हणजे रोखीची सूट, देतो, असं व्यापारी म्हणत असेल, तर महिनाभराच्या उधारीची किंमत महिन्याला २ टक्के आहे, वर्षाला २४. सीसीचं व्याज ११-१२ टक्के असेल तर सीसीतून रोख पैसे द्या आणि वटाव घ्या. डीमार्टचा धडा तो हाच. आणि ज्या कारखानदाराकडून माल घेता तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. सोलापूरच्या गणवेशवाल्यांचेही पगार आणि हप्ते असतात.

गिऱ्हाइकाच्या उधारीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. महिन्याला ४ लाख विक्री, त्यातली १० टक्के उधारीवर, वसुलीला दोन महिने, एवढंच धरलं तरी ८० हजार कायमचे बाहेर अडकतात. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं गावात सोपं नसतं, पण नव्या दुकानाकडे ते ८० हजार नसतातच.

जीएसटीबद्दल एवढंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के कर आहे. वरचे सगळे आकडे कर वगळून घेतलेत. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर गल्ल्यात पडतो म्हणून आपला वाटतो, पण तो सरकारचा आहे. तो वेगळ्या खात्यात बाजूला काढत जा. वस्तूंच्या व्यापाराला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. आपली तिसरी पायरी महिन्याला ४ लाख २१ हजार, वर्षाला ५० लाखांच्या वर. म्हणजे घर चालवण्याइतकं दुकान चाललं की नोंदणी आलीच. कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला उलाढालीच्या १ टक्का भरून मोकळं होता येतं, पण तो कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे माल तेवढा महाग पडतो. दोन्ही पर्यायांनी तो २५ टक्क्यांचा वाटा काढून बघा, मग ठरवा.

तक्ता चुकला तर

चुकणारच. म्हणून तो दोनदा मांडायचा असतो. एप्रिल ते ऑक्टोबरची विक्री २० टक्के कमी धरा. विक्री कमी दिसताच खरेदीही त्याच प्रमाणात आवरली, तर खड्डा ५ लाख ३९ हजारांचा होतो. ‘दिवाळीत भरून निघेल’ म्हणून खरेदी ठरल्याप्रमाणे चालू ठेवली, तर तो ८ लाख ४० हजारांचा होतो. मंदीची विक्री तीच, फरक ३ लाखांचा, आणि तो पूर्णपणे तुमच्या हातातला. विक्री कोणाच्या हातात नसते, खरेदी असते.

हे वेळेत कळायला रोज संध्याकाळी दहा मिनिटं लागतात. जुने दुकानदार रोजमेळ लिहायचे, तोच लिहा, वहीत किंवा मोबाईलवर. आज रोख किती आली, यूपीआयने किती, बिलं किती झाली, कोणाला किती दिले, हातात आणि बँकेत मिळून शिल्लक किती. आणि खाली एक ओळ: पुढच्या तीस दिवसांत कोणत्या तारखेला काय द्यायचंय. बऱ्याच दुकानांत वरचा भाग लिहिला जातो, ही शेवटची ओळ लिहिली जात नाही. घाम फोडणारी ती एकच ओळ आहे, आणि महिनाभर आधी घाम फुटला तर काहीतरी करता येतं: एखादी ऑर्डर पुढे ढकलता येते, पडून असलेला माल काढता येतो, व्यापाऱ्याला आधीच फोन करता येतो.

आणखी एक गोष्ट उद्घाटनाआधी लिहून ठेवावी, जेव्हा डोकं शांत असतं. कुठे थांबायचं? समजा, असं ठरवलंत की पहिली दिवाळी आणि त्यानंतरची लगीनसराई धरून वर्षाची सरासरी विक्री महिना २ लाख ६० हजारांच्या खाली राहिली, म्हणजे पहिली पायरीही चढली नाही, तर नवं कर्ज काढायचं नाही. मग थांबलं तर हातात काय येतं तेही काढा. डिपॉझिट परत येईल. चांगला माल खरेदीच्या निम्म्या-पाऊण किमतीला दुसरा दुकानदार उचलेल. फर्निचरचे फारसे येत नाहीत, ते त्याच गाळ्याच्या मापाचं असतं. यातून बँकेचं किती देणं उरतं हे आधी माहीत असेल, तर घरातलं सोनं गहाण ठेवण्याच्या वेळेला निर्णय वेगळा होतो.

त्यासाठी भाडेकरारावर सही करण्याआधी त्यातलं लॉक-इनचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी गाळा न सोडण्याचं, कलम नीट वाचा. तीन वर्षांचं लॉक-इन असेल तर दुकान चौदाव्या महिन्यात बंद केलं तरी उरलेल्या बावीस महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. २२ हजारांनी ते ४ लाख ८४ हजार होतं, डिपॉझिटच्या दुपटीहून जास्त. गाळामालकाशी बोलून ते सहा महिने किंवा एक वर्षावर आणा आणि नोटिशीची मुदत दोन महिने ठेवा. रिकामा गाळा ठेवण्यापेक्षा बरेच मालक हे मान्य करतात, फक्त ते सहीच्या आधी मागावं लागतं.